हिरव्या उजेडाची वही

अशोक नगर, चेन्नई
२ ऑक्टोबर २०२४

ती. भवानीआत्यास,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला नीट ऐकू येत नाही आणि हे ओरडून सांगण्यासारखं नाही, म्हणून पत्र. इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी आतषबाजीच्या इतिहासावर लिहिते आहे. चीनमधली दारू आपल्याकडे कशी आली, सोरा, गंधक आणि कोळशात लोखंडाचा कीस घालून नळे कसे भरत, इथवर झालं. शेवटी आपले मूळपुरुष तुळजाजी यांची अडीचशे वर्षांपूर्वीची वही घालायची होती. दर दिवाळीला पहिला फटाका उडवण्याआधी आपण तिची पूजा करतो, पण मोडी येत नसल्याने ती वाचली कुणीच नाही. मी यंदा मोडी शिकले आणि वाचली.

आत्या, ती अडीचशे वर्षांची असूच शकत नाही. हिरव्या उजेडाच्या कृतीत बेरियमचा क्षार आहे. तेव्हाच्या आतषबाजीत तो नव्हता. शेजारी लिहिलंय, जॉर्ज टाउनहून आणणे. मद्रासच्या त्या पेठेचं ते नावच विसाव्या शतकातलं! दोनदा वाटलं, मीच चुकतेय. तिसऱ्यांदाही तेच निघालं.

आपले पूर्वज तंजावरच्या मराठी दरबारी दारूकाम करत, हे तू मला मांडीवर घेऊन सांगितलंस. खोटं मी लिहिणार नाही, पण तुला न विचारता खरंही छापवत नाही. संपादक अनंतराव पंधरा तारखेपर्यंत थांबतील.

रागावलीस तरी चालेल, पण गप्प बसू नकोस.

तुझी श्रीदेवी


तंजावर
७ ऑक्टोबर

चि. श्रीदेवीस अनेक आशीर्वाद.

मोडी शिकलीस, पण माझ्या श्रावणातल्या पत्राला उत्तर द्यायला अजून शिकली नाहीस! असो. ती वही माझ्या आईची, तुझ्या आजीची, कृष्णवेणीची. मद्रासहून रसायनं मागवून ती परसात मत्ताप्पू करायची. त्या रंगीत उजेडाच्या काड्यांसाठी अख्खी गल्ली थांबायची. एकदा पाहुण्यांनी विचारलं, वही कुणाची? घरची सून दारू कुटते हे सांगायची अप्पांना, तुझ्या आजोबांना, लाज वाटली. त्यांनी तुळजाजींचं नाव घेतलं. मग वही देव्हाऱ्यात गेली आणि आईचं काम संपलं. पूजेतली वही पुन्हा खलबत्त्याजवळ कशी आणणार? जन्मभर ती स्वतःच्याच वहीला कुंकू लावत राहिली.

हे सगळं मला ठाऊक होतं. तरी तुला अप्पांचीच गोष्ट सांगितली, कारण ती रुबाबदार होती. ती चूक माझी. तुझ्यावर राग एवढाच, की हे विचारायला तू मला ब्याऐंशी वर्षांची होऊ दिलंस.

आईचं नाव छाप. प्रकृतीला जप, माया आहेच.

तुझी आत्या


चेन्नई
१८ ऑक्टोबर

ती. आत्यास शि. सा. न.

लेख गेला. अनंतराव कुरकुरले, की दरबारी पूर्वज अंकाला जास्त शोभला असता. मी म्हटलं, मग लेख परत द्या. दिला नाही.

आजीचा कामातला फोटो नाही, आहे तो लग्नातला एकच, म्हणून तिच्या अक्षरातलं हिरव्या उजेडाचं पान छापतोय. अंक घेऊन मीच येते, तोवर माया अशीच राहू दे.

पानाखाली अनंतरावांनी लिहिलं होतं: कृष्णवेणीबाई, घरगुती आतषबाजीकार. प्रूफात मी ‘घरगुती’ खोडलं.

तुझी श्रीदेवी