भीती तुझी, पाय तिचा

पप्पा, उद्या सकाळी ती मी बनवलेला पाय लावून आधाराच्या दांड्या सोडणार आहे. तुम्ही गेलात तेव्हा मी शाळेत होतो. पुढे कॉलेजच्या सरांशी कडाक्याचं भांडण करून इंजिनीअरिंग अर्ध्यावर सोडलं आणि गोडदेवच्या आपल्या दुकानात काकाच्या हाताखाली कृत्रिम पाय बनवायला लागलो. काका अजून म्हणतो, "डोकं तापलं की स्क्रूची किल्ली खाली ठेव." ही मुलगी मीरा रोडची. डावा पाय मांडीतूनच गेलाय. मांडीच्या मापाचा साचा द्यायला आली त्या दिवसापासून माझं डोकं तापतच नाही, नुसती धडधड होते.

ती मासळी विकणारी मावशी आठवते? तिचाही गुडघ्याच्या वरूनच गेलेला. दांड्यांमधून फेरी मारून ती तुमच्यावर ओरडतेय, "यो पाय हाय का खुंटा? वाकत न्हाय मेला!" तुम्ही हसत खाली बसता, किल्लीने स्क्रू फिरवून गुडघा जरासा पुढे घेता. मी दप्तर टाकून किंचाळतो, "पप्पा, पडेल ती!" गुडघा मागे ठेवला की पाय अवचित दुमडत नाही, पण माणूस जन्मभर तो ओढत चालतो, हे मला तेव्हा कुठे ठाऊक? मान वर न करता तुम्ही म्हणालात, "भीती तुझी आहे ना? मग तिच्या पायात कशाला भरतोस?" आणि हात पाठीमागे बांधून तिच्यासमोर उभे राहिलात. मावशी डुगडुगली, सावरली, चालली.

आज मी तीच भीती भरली. गुडघा इतका मागे ठेवला की ही मुलगी कंबर उचलून पाय ओढत होती. "काय रे, मला चालायचंय. साडीच्या दुकानातला पुतळा करतोस का माझा?" मी म्हटलं, "सेफ्टीसाठी आहे." "किसकी सेफ्टी?" म्हणत हसली, पण डोळे भरले होते. पप्पा, गुडघा पुढे घेतला आणि ती तोंडावर आपटली तर? आणि दुसरी भीती, लिहायचीही लाज वाटते अशी: नीट चालायला लागली तर परत कशाला येईल?

उद्या ती यायच्या आत स्क्रू फिरवीन. हात पाठीमागे बांधीन. हे तुम्हाला पोचणार नाही म्हणूनच सांगतो: आज वळताना तिचा तोल गेला आणि तिने माझा हात घट्ट धरला. तो न सोडताच म्हणाली, "गुडघा आत्ताच नीट कर ना." किल्ली माझ्या खिशातच होती. मी म्हटलं, सापडत नाही.