थंडीत बरणीला रजा

दालात, डिसेंबर

ती. थुअनताईस धाकट्या न्हानचा नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? भावजींचं नारळावर चढणं थांबलं का? (साठीत शोभत नाही, असं माझ्या नावाने सांग.) मी ठणठणीत आहे, म्हणजे दोन स्वेटर घालून आहे.

ताई, माझी अब्रू मोहरीच्या पाल्याच्या बरणीत अडकली आहे. रविवारी सासऱ्यांचं वर्षश्राद्ध. त्या जेवणात नव्या सुनेने घातलेला पाला आंबट लागलाच पाहिजे. आपल्या बेन त्रेला तो दोन दिवसांत आंबतो. इथे डोंगरावरच्या गारठ्यात पाच दिवस झाले, मिठाच्या पाण्यात नुसता डुंबतोय. सासूबाई झाकण उघडतात, हुंगतात आणि शेजारणीला ऐकू जाईल अशा बेताने म्हणतात, "काय करणार, एकेकीच्या हातालाच गुण नसतो." मी बरणी चुलीजवळ ठेवते, त्या उचलून मागच्या पडवीत नेतात. (त्यांच्या सासूबाईही तिथेच ठेवायच्या म्हणे.)

धाकटी नणंद यांग कॉलेजात जंतूंचा विषय शिकवते. ती म्हणाली, "वहिनी, दोष तुझा नाही गं. पाला आंबवणाऱ्या जंतूंच्या अंगाभोवती चरबीचं पातळ आवरण असतं. थंडीत ते खोबरेलासारखं थिजतं. त्यातच बसलेल्या पहारेकऱ्याला ते कळतं, तो आत वर्दी देतो आणि रोजचं काम बंद! आधी चरबी पातळ करायची, अडलेला कारभार सोडवायचा, मग सावकाश कामाला लागायचं. आई बरणी आतबाहेर करते ना, बिचारे पुन्हा पुन्हा दचकतात."

बिचारे! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ज्याला डोकं नाही, हातपाय नाहीत, त्याला थंडी वाजली की रजा. आणि मी उकाड्यातून इथे आले, तर दुसऱ्याच सकाळी गारठलेल्या पाण्यात पाला धूत बसले होते. माझी वर्दी कोणी घेतली? तसं बोलून दाखवलं तर सासूबाई म्हणाल्या, "आता जंतूंची बरोबरी करणार का?"

शेवटी बरणी आमच्या पांघरुणात घेतली. (हे भिंतीला चिकटले आहेत. "लग्न माझ्याशी केलंस की बरणीशी?" म्हणाले. मी बरणी आणखी जवळ ओढली.) तरी आईच्या बरणीतलं जुनं आंबट पाणी बाटलीभर पाठव. त्यातले जंतू माहेरचे, दगा द्यायचे नाहीत.

तुझी,
न्हान

ता. क. पत्र टाकायचं राहिलं आणि श्राद्ध होऊन गेलं. पाला आंबला. सासूबाईंनी दोनदा वाढून घेतला आणि पाहुण्यांना सांगितलं, "बरणी पडवीत ठेवावी लागते, तरच जमतं."

आणखी एक ता. क. पाणी आता नको. यांग म्हणते, बेन त्रेचे जंतूही इथे आले की दचकणारच. त्यापेक्षा तूच ये. आठ दिवस राहा. कामाला नको येऊस. या घरात माझ्याशिवाय आणखी कुणाला तरी थंडी वाजू दे.