पहिल्या प्रकरणाच्या आधीचे

४ एप्रिल १९५४, रविवार. गुढीपाडवा. रात्री ९.
आज कादंबरीस प्रारंभ. साडेतीन मुहूर्तांपैकी एक साधला. नवी फुलस्केप वही, नवी दौत. पहिल्या पानावर 'श्री'. दुसऱ्यावर अर्पणपत्रिका : 'तीर्थरूप अप्पांच्या चरणी, जावयाकडून.'
अप्पा म्हणजे हिचे, मंदाचे, वडील. कोकणात शाळामास्तर होते, आता रिटायर. दोन वर्षांपूर्वी दिवाळसणाला मी त्यांना सांगितले होते की माझी कादंबरी पूर्ण होत आली आहे. त्यात खोटे काही नव्हते. डोक्यात पूर्णच होती, उतरवायची तेवढी राहिली होती.
मुहूर्ताच्या दिवशी फार लिहू नये. श्रीखंडानंतर झोपलो.

११ एप्रिल.
अप्पांचे कार्ड. काचबिंदू झाला आहे. ऑपरेशनचा उपयोग नाही, नजर पावसाळ्यापर्यंत टिकली तर टिकली, असे डॉक्टर म्हणतात. म्हणून त्यांनी वर्तमानपत्र बंद केले. रोजची पोथीही बंद. उरलेली नजर माझ्या कादंबरीसाठी राखून ठेवली आहे. 'जावईबापू, माझे शेवटचे वाचन तुमचे असावे.'
मंदाने कार्ड दोनदा वाचले आणि स्वयंपाकघरात जाऊन बसली. मला भरून आले. लगेच हिशेब मांडला : उद्यापासून रोज चार पाने, ३१ मेपर्यंत दोनशे. हिला तसे सांगितले. तिचा चेहरा जरा उजळला.

१३ एप्रिल.
काल सोमवार, सुरुवातीला वाईट वार. आज पहाटे पाचला उठायचे होते. सात दहाला उठलो. दोष घड्याळाचा.
कादंबरी मिठागरांवर आहे. हा विषय मराठीत कोणी हाताळला असेल असे वाटत नाही. (वाचनालयात बघायला हवे.) खाडीकाठी बाळकुमला राहतो त्याचा हा फायदा. घरमालक काळुराम पाटलाची आई ठमाबाई ओसरीवर सुकट निवडत होती, तिला कुठून तरी कळले. म्हणाली, "मना इचार. चालीस वर्सां मीठ ओढलंय." नम्रपणे नकार दिला. माहिती फार झाली की कल्पनाशक्ती मरते. तरी ती तळपायाच्या भेगांबद्दल अर्धा तास बोलली. सकाळ फुकट.

२२ एप्रिल.
नायकाचे नाव त्र्यंबक ठेवले होते, पण ते माझे स्वतःचे. लोक संशय घेतील. बदलले. पुन्हा बदलले. टोपणनावाचाही विचार चालू आहे. पाने : शून्य, पण पाया पक्का होतो आहे. आता रोज सहा पाने लिहिली की झाले.

५ मे. अक्षय तृतीया.
पाडव्याचा प्रारंभ तांत्रिक होता. खरा प्रारंभ आज. पहिले वाक्य लिहिले : 'मिठागरावर सूर्य मावळत होता.' मग शंका आली. इथे खाडीवर सूर्य उगवतो की मावळतो? 'उगवत होता' केले. तरी खात्री वाटेना. ठमाबाईला विचारावे लागले असते, म्हणून दोन्ही वाक्ये खोडली.
मंदा म्हणाली, तुम्ही नुसते सांगा, मी लिहून घेते, अप्पांना दिसेल अशा मोठ्या अक्षरात. तिला समजावले की साहित्य म्हणजे वाण्याची यादी नव्हे. तिने हातातली पेन्सिल डब्यात ठेवून दिली. तिचे हे असे वागणे मला फार जाचते.

१४ मे.
अप्पांचे दुसरे कार्ड. अक्षर इतके मोठे की कार्डावर चारच ओळी मावल्या आहेत, आणि चौथी पत्त्यावर गेली आहे. 'जेवढे झाले तेवढे पाठवा. मोठे अक्षर. वाट पाहतो.'
मंदाने कार्ड माझ्या दौतीला टेकवून ठेवले. लगेच ऑफिसला तार केली : ताप. तीन दिवस कॅज्युअल.

१५ मे.
लिहितो आहे! पेन थांबत नाही. लोक उगाच म्हणतात की सुरुवात अवघड असते.
कादंबरीच्या आधी मनोगत असते, हे माझ्या ध्यानातच नव्हते. सगळी अडचण तीच होती. घराला दार हवे की नको? कल्पना प्रथम कशी सुचली, मध्यमवर्गीय लेखकाला काय सोसावे लागते, अवेळी येणारे शेजारी. आज सात पाने.

१७ मे.
मनोगत पूर्ण. एकोणीस पाने. शेवटी ऋणनिर्देश : काळुराम पाटील, वाचनालय, दौतवाला. अक्षर मुद्दाम बारीक ठेवले. बारीक अक्षरात विचार दाट दिसतो.
तीन दिवस मंदाने घरात भांडे वाजू दिले नाही. ठमाबाईला ओसरीवरूनच परत पाठवले. न मागता चहा दिला. पेनचा आवाज ऐकत ती दारापाशी उभी राहायची. लग्नानंतर पहिल्या वर्षी ती माझ्याकडे अशी बघत असे.

१९ मे.
पाकीट स्वतः चिकटवले, स्वतः रजिस्टर केले. परत आल्यावर हिने विचारले, पहिले प्रकरण पाठवलेत ना? मी म्हटले, सुरुवातीचा भाग पाठवला. हे शंभर टक्के खरे आहे.
अप्पांनी मनोगत चाळेपर्यंत प्रकरण जाईलच.

३१ मे.
आज दोनशे पाने व्हायची होती. झाली एकोणीस, अधिक शुद्धिपत्राचे शीर्षक. वेग समाधानकारक नाही.
अप्पांचे उत्तर नाही. हल्ली मी पोस्टमन विठ्ठलला नाक्यावरच गाठतो. पत्र हिच्या हाती आधी पडू नये, एवढेच. लपवण्याजोगे काही नाही. तो सायकलवरून लांबूनच नाही म्हणून मान हलवतो. मला सुटल्यासारखे वाटते.

९ जून.
मंदाने कच्चे लिखाण वाचायला मागितले. कच्चे काही नसते, मी एकदम पक्के लिहितो, असे सांगितले. ती आत गेली आणि वही घेऊन आली. माझ्या समोर उघडली. श्री. अर्पणपत्रिका. खोडलेली दोन वाक्ये. पुढे फाडलेल्या पानांची बुडखी. शुद्धिपत्राचे शीर्षक. मग कोरे, कोरे, कोरे. शेवटपर्यंत एकेक पान उलटत राहिली. मी पंखा हलवत होतो.
"अप्पांना काय पाठवलंत?"
सांगितले. मनोगताचे साहित्यिक महत्त्वही सांगितले. तिने वही मिटून फळीवर ठेवली आणि तांदूळ निवडायला बसली. निवडलेलेच तांदूळ होते.
तेव्हाच ठरवले. उद्यापासून रोज दहा पाने, मोठ्या अक्षरात.

१० जून.
ऑफिसात इन्स्पेक्शन.

१६ जून.
सूर्याचा उल्लेखच टाळून सुरुवात करावी का? विचार चालू.
मंदा कामापुरते बोलते. ठमाबाई तिच्याशी हळू आवाजात बोलते आणि मी आलो की गप्प होते. अशा वातावरणात लिहिणार कसे?

२३ जून. दुपारी.
पत्र आले. विठ्ठल दुसऱ्या वाटेने आला, आणि ते मंदाच्या हातात पडले. अप्पांचे अक्षर नव्हते. हिचा चुलतभाऊ आनंद त्यांच्याजवळ राहतो, त्याचे होते. तिने उभ्यानेच मोठ्याने वाचले.
"अप्पा सांगतात तसे लिहितो. तुमचे मनोगत पोचले. अक्षर बारीक होते, पण भिंग लावून, ओटीवर उजेड असेल तेवढा वेळ, रोज पाऊण पान याप्रमाणे वाचले. शेवटचे पान परवा संपले. लेखकाला किती सोसावे लागते ते समजले. आता अक्षर दिसत नाही. ऋणनिर्देशात मंदाचे नाव राहून गेले आहे, तेवढे छापण्यापूर्वी घालावे. कादंबरी सावकाश होऊ द्या. मला आता घाई नाही."
मंदा रडली नाही. पत्र घडी करून पदराला बांधले.

२५ जून.
मंदा सकाळच्या एस.टी.ने गेली. काळुराम स्वतः स्टँडवर पोचवून आला. निघताना मी विचारले, कधी येणार. म्हणाली, "अप्पांना कुणीतरी वाचून दाखवायला हवं."
ऑफिसला गेलो नाही. घरात कसलाही आवाज नाही. शेजारीही येत नाहीत. लेखनाला याहून चांगला दिवस मिळायचा नाही.
सकाळपासून अप्पांना पत्र लिहायला बसलो आहे. माझी बाजू मांडायची होती. तब्येत, ऑफिस, ठमाबाई, सगळे मुद्दे तयार होते. पण अप्पांच्या पत्रात रागाचा एक शब्द नाही. एक जरी असता, तर मला उत्तर लिहिता आले असते.