रुमालाखालचा भाव

शेंदूरजनाघाट

प्रिय निखत,

पत्र पाहून हसू नकोस. फोनवर तू मला दोन वाक्यांपुढे जाऊ देत नाहीस. “राहू दे, रागिणी” म्हणतेस आणि ठेवून देतेस. कागदाला तसं गप्प करता येत नाही, म्हणून लिहायला बसले. तुझ्या अम्मी, आमच्या बिल्कीसखाला, कशा आहेत? जेवतात का नीट? अमरावतीच्या हॉस्टेलात माझ्या डब्यातला ठेचा पळवून वर मलाच दटावणारी निखत आताशा इतकं अदबीनं बोलते, की मला काळजीच वाटते.

आमचं बरं चाललंय. यंदा आजूबाजूच्या बागांत फार फळगळ झाली, झाडाखाली हिरव्या संत्र्यांचा सडा पडला होता. आमची बाग मात्र वाचली. का वाचली ते विचारू नकोस. बाबा म्हणतात खतामुळे, आई म्हणते तिच्या उपासांमुळे, आणि आमच्या धाकट्या कुलदीपला वाटतं त्याच्या फवारणीमुळे. तिघंही आपापल्या जागी खुशीत आहेत.

तुझ्या अब्बांना मी शेवटचं पाहिलं ते पोळा झाल्यावर, दरवर्षीसारखे संत्र्यांचा सौदा करायला आले तेव्हा, या बागेतच. सत्तारचाचा एकेका ओळीतून फिरले, मान वर करून झाडं पाहिली, आमच्या चहाला नेहमीप्रमाणे नावं ठेवली आणि दोन कप प्याले. मग ते आणि बाबा बागेच्या कडेला धुऱ्यावर बसले. आता सगळं गाव फोनवर सौदे करतं, पण या दोघांना रुमालाखाली हात धरून बोटं दाबल्याशिवाय भाव ठरल्यासारखा वाटायचाच नाही. मी जवळ गेले तर चोरून बोरं खाणाऱ्या पोरांसारखे गप्प झाले. बयाण्याची आगाऊ रक्कम चाचांनी दिवाळीच्या तोंडावर द्यायची, एवढं मात्र माझ्यादेखत ठरलं. कागद नाही, साक्षीदार नाही. महिना उलटायच्या आत चाचा गेले.

नंतर तुझा फोन आला. अब्बा गेले तिथे सौदाही संपला, चुलते अब्बांचं फळांचं दुकान बंद करायचं म्हणताहेत, भाव काय ठरला होता तेही मला माहीत नाही, तुम्ही बाग खुशाल दुसऱ्याला द्या, असं तू म्हणालीस. खरं सांगू? मला तुझ्यासाठी रडू आलं आणि पाठोपाठ सुटल्यासारखंही वाटलं. कारण आदल्याच आठवड्यात एक व्यापारी येऊन गेला होता. फळगळीमुळे भाव चढलाय, निखत, चांगलाच चढलाय. त्या माणसानं सांगितलेला आकडा ऐकून कुलदीपनं मनातल्या मनात मालवाहू गाडी घेऊन तिला हारसुद्धा घातला होता.

कुलदीपचं म्हणणं सरळ होतं. “निखतताईनंच नाही म्हटलं, मंग आपलं काय चुकते?” मलाही तसंच वाटलं. ज्याला शब्द दिला त्याच्याच घरानं मोकळं केलं, तर बांधलेलं काय राहिलं? एकदा जेवताना कुलदीप बोलून गेला, की ठरलेला भाव तुमच्याशिवाय कोणालाच माहीत नाही. तेव्हा बाबांनी हातातला घास खाली ठेवला. सत्तारभाई आपल्या भरवशावर राहिला, त्यानं दुसरी बाग पाहिली नाही, भाव पडला असता तरी तो मागं हटला नसता, असं सगळं ते शांतपणे बोलले. मग म्हणाले, “हात त्याचा गेला. माहा हाये ना अजून.” आणि तो भाव त्यांनी आम्हा सगळ्यांना सांगून टाकला.

कुलदीप रुसला. दोन दिवस बागेकडे फिरकला नाही. मग त्यानंच त्या व्यापाऱ्याला फोन लावला आणि बाग दिलेली आहे म्हणून कळवलं. मी पाहत होते तर माझ्यावरच खेकसला, गाडी काय पुढच्या वर्षी मिळत नाही का म्हणून. मला त्याचा इतका अभिमान वाटला की मी त्याला उलट बोलले नाही. हे माझ्याकडून किती अवघड आहे ते तुला ठाऊक आहे.

आता ज्यासाठी लिहितेय ते. तू आम्हाला मोकळं केलंस तेव्हा तुला ठरलेला भाव माहीत नव्हता आणि चढलेलाही नव्हता. आमच्यावरचं ओझं काढतेयस असं तुला वाटलं. प्रत्यक्षात तू तुझ्या दुकानाचं वर्षभराचं उत्पन्नच आम्हाला देऊन टाकत होतीस, आणि आम्ही गप्प राहून ते घेतलं असतं तर तुझ्या दुःखाचा फायदा उचलल्यासारखं झालं असतं. म्हणून तुझा तो नकार आम्ही धरत नाही. दोन्ही भाव पत्राच्या मागच्या बाजूला लिहिलेत. बयाणा राहू दे, माल विकून मग पैसे दे, असं बाबांनी सांगितलंय. दुकानाचे सगळे फोन तूच घ्यायचीस, बाजारातली माणसं तुला ओळखतात, धंदा तुला जमेल. फळांची तोड मात्र फार दिवस थांबणार नाही. हे आकडे नीट पाहा, खालांना दाखव, चुलत्यांसमोर ठेव. त्यानंतरही तुला नाही म्हणायचं असेल तर म्हण, मी ऐकेन. पण आता जे म्हणशील ते माहीत असून म्हण. आणि हो म्हणणार असशील तर फोन करू नकोस, सरळ ट्रक घेऊन ये.

तुझीच,
रागिणी