फिर से!

शनिवार, विठ्ठलवाडी, २००९

अजून तळहाताला तो चटका जाणवतोय. उल्हासनगरच्या दुकानात जुना गेमिंग लॅपटॉप बघून आले. मला कुठे गेम खेळायचेत? पण घरांची थ्रीडी चित्रं काढायला ग्राफिक कार्ड लागतं, आणि नवा घेणं परवडत नाही. बदलापूरच्या बिल्डरला सोमवारी चित्रं द्यायचीच आहेत, नाहीतर काम दुसऱ्याकडे जाईल.

"भाईसाब, गेम चलाके दिखाओ," मी म्हटलं. दुकानदाराने गाड्यांची रेस लावली आणि इतका रंगला, की मी समोर उभी आहे हेच विसरला. पंखा घरघरायला लागला. कीबोर्डवर हात ठेवला, तर तवा! मनात म्हणत होते, नको रे बंद पडू, मला तू हवायस. आणि शेवटच्या वळणावर स्क्रीन काळी.

"अरे यार, फिर से!" तो ओरडला. मग माझ्याकडे बघून जीभ चावली. "मॅडम, ऐसा कभी होता नहीं."

'उद्या येते' म्हणून निघाले. सरळ 'नको' का नाही म्हटलं? पंखा साफ केला तर चालेल? तळहात म्हणतोय, नाही चालणार.

घरी जुना कॉम्प्युटर लावला. चित्रातलं स्वयंपाकघर अर्धं झालं आणि सगळं गोठलं. नेमका तेव्हाच बिल्डरचा फोन.

"काय मॅडम, परत कॉम्प्युटर बंद पडला का?"

"छे हो," मी म्हणाले, "असं कधी होत नाही."