सुखदाचं जर्मन गाणं

चि. सुखदा,

देवापुढे दिवा लावला की तुझं जर्मन गाणं लावते. शब्द कळत नाहीत, आवाज कळतो. ते गाणं जर्मन म्हणायचं का, यावर तिकडे लोक भांडताहेत. तुझा भाऊ धवल त्यांच्या कमेंट्स वाचून दाखवतो.

"आई, दे वॉन्ट हर टू गो होम."

"कुठे? इथे गिरावीनला? आपणही इथे परदेशातच की!" मी चिडले.

"तू तरी काय केलंस?"

खरंय. तू सोळाची असताना गणपतीच्या कार्यक्रमातून तुझं पॉप गाणं मीच काढायला लावलं. 'हे आपलं नव्हे,' म्हणाले.

यंदा यादीत तुझं जर्मन गाणं मीच लिहिलं. मंडळाचे अध्यक्ष हसले, "वहिनी, हे आपलं कुठे?"

मी यादी तशीच त्यांच्या हातात दिली. बर्लिनला हेच विचारतात तेव्हा तू काय सांगतेस गं?

पत्र पाठवायचा धीर नसलेली,
तुझी आई