डावीकडचे तीन तुकडे

नाना,

तुमची जीप मी उघडली. बॉडी उचलून विटांवर ठेवली, खालची चेसिस काढली आणि तिच्या जागी दुसऱ्या गाडीची, बरीच नवी चेसिस बसवली. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे तुम्हाला काय ओरडायचं ते ओरडून घ्या आणि मग पुढचं ऐका. "चेसिस बदली म्हंजे गाडी मरनी," हे वाक्य तुम्ही साक्रीच्या स्टँडवर चहाचा कप बशीवर उपडा घालून किती जणांना ऐकवलं असेल! मी शेजारी डबा घेऊन उभी असायची, म्हणून मला ते पाठ आहे. तर ऐका, गाडी मेलेली नाही. काल दुपारी ती चालू झाली, आणि चालू झाल्यावर तुमच्यासारखीच आधी खोकली.

तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली. तेवढी वर्षं ती आपल्या गोठ्यामागे शेणामुतात उभी होती. मागच्या आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, मी माहेरी गेले तेव्हा भाऊ भंगारवाल्याशी बोलून बसला होता, आठवड्यात उचलणार म्हणून. सकाळी तुमच्या नावाची घागर भरली, आमरस आणि खापरावरची पुरणपोळी झाली, आणि वहिनी माझ्यासाठी साडी घेऊन आली. मी म्हटलं, या आखाजीला साडी नको, मला जीप द्या. भाऊ हसायलाच लागला. "अक्का, बठ्ठ्या बहिनी लुगडं लेतस, आन तू भंगार लेस?" मी म्हटलं, लेस. लेकीला आखाजीला रिकामी पाठवायची नाही ना, मग बोलाव टेंपो. ओट्यावर बसलेली आई माझ्याकडे बघत राहिली. तेव्हा मला वाटलं की तिला तुमची आठवण आली असेल.

मला गाडीतलं काय कळतं, असं तुम्ही विचाराल. काही कळत नव्हतं. चोपन्न वर्षांची बाई, जळगावात शिलाईचा क्लास चालवते, पाना कुठल्या बाजूला फिरवला की नट सैल होतो हे मोबाइलवर बघून शिकली. क्लासमधल्या पोरी पोर्चमध्ये येऊन माझे काळे हात बघून हसायच्या. घरचे "हे" म्हणाले, चार दिवसांचं खूळ आहे, उतरेल. उतरलं नाही. पण खूळ म्हणा किंवा काही म्हणा, ते आलं कुठून हे तुम्हाला माहीत आहे. मी पंधरा वर्षांची होते. दसऱ्याच्या सकाळी तुम्ही जीप धुऊन अंगणात उभी केली होती आणि मी झेंडूची माळ बांधायला म्हणून पुढे गेले. माळ बांधून झाली, तुम्ही आत नारळ आणायला गेलात, आणि मी चढून तुमच्या जागेवर बसले. क्लच दाबला. पाय पुरत होता, नाना, नीट पुरत होता. गिअरच्या दांड्यावर हात ठेवून मी तो दुसऱ्यात टाकला, तुम्ही टाकायचात तसा, आवाज न करता. इतक्यात तुम्ही दारात. "उतर खाले! हाई शिलाई मशीन नही शे." सगळ्या गल्लीसमोर. मी उतरले. भाऊ तेव्हा नऊ वर्षांचा होता, तुम्ही त्याला उचलून मांडीवर घेतलंत आणि त्याच्या हाताने स्टिअरिंगला हळदकुंकू लावलंत. पुढच्या वर्षी धुळ्याहून याच जीपच्या मागे बांधून माझ्यासाठी शिलाई मशीन आणलंत, नवं कोरं, आणि आईला म्हणालात की पोरगी खूश होईल. खूश झाले. रागही आला. दोन्ही खरं आहे, आणि त्या मशीनवर मी माझं अख्खं घर उभं केलं हेही खरं आहे. पण स्टिअरिंग मागितलं होतं हे मी विसरले नाही.

म्हणून ही जीप मला चालती करायची होती, आणि चालवायची होती बाईच्या हाताने. बाकी काही नको होतं. हौसेच्या गाड्यांच्या मिरवणुकीत लावायची नव्हती की फोटो काढायचे नव्हते.

जुनी चेसिस मागच्या बाजूने इतकी गंजली होती की पेचकस टोचला तर आरपार जायचा. मग औद्योगिक वसाहतीमागच्या भंगारात मला एक गाडी सापडली, तुमच्याच जीपच्या जातीची पण पुष्कळ नंतरची, वरून पार चेपलेली आणि खालून धडधाकट. तिचे कागदही नीट होते. कागदांचं म्हणाल तर आता नंबर नव्या चेसिसचा लागणार, तुमचा जुना नंबर गेला. त्यासाठी आरटीओकडे परवानगीचा अर्ज केला आहे, मंजुरी आली की तपासणी, तोवर रस्त्यावर आणायची नाही. नवी चेसिस टीचभर लांब निघाली. मागची चाकं कमानीत थोडी मागे सरकल्यासारखी दिसतात. दिसू देत.

मी काम शिकले ते माझ्याच पद्धतीने. गिऱ्हाईक बाई नवं ब्लाउज शिवायला टाकते तेव्हा नमुन्याला जुनं ब्लाउज आणते, तसं मी तुमच्या जीपला नमुना मानलं. प्रत्येक बोल्ट काढला की कापडाच्या पिशवीत, पिशवीवर चिठ्ठी, चिठ्ठीवर जागा. बॉडी आणि चेसिस यांच्यामध्ये तुम्ही टायरचे कापलेले तुकडे घातले होते, तेही पिशवीत. बाकी सगळीकडे एकेक तुकडा, आणि डावीकडे पुढच्या बाजूला तीन. का तीन, हे मी विचारलंच नाही. नानांनी तीन घातलेत म्हणजे तीनच लागतात. नव्या चेसिसवर बॉडी उतरवताना मी डावीकडे पुढे मोजून तीन तुकडे ठेवले, तेच तुमचे, धुऊन पुसून.

बॉडी बसली ती वाकडी. डावं दार लागेना. बोनेट एका कुशीवर वळल्यासारखं दिसायचं. मी बोल्ट ढिले केले, परत आवळले, दाराच्या बिजागऱ्या बदलल्या, भंगारवाल्याशी भांडून आले की तू मला वाकडी चेसिस दिलीस. तीन आठवडे हेच. बॉडी धरणारे ब्रॅकेट जोडायला येणारा वेल्डर, माझ्या मुलाच्या वयाचा पण हाताने पक्का, शेवटी वैतागून म्हणाला, "ताई, चेसिस सरळ शे. तुमीच वाकडं बसवी राहिन्या." मी म्हटलं, माझ्या वडिलांनी असंच बसवलं होतं. तो म्हणाला, "मंग त्यास्नी चेसिस वाकडी व्हती." मला इतका राग आला की मी त्याला त्या दिवशी चहासुद्धा दिला नाही.

तो गेल्यावर मी शिलाईच्या दोन टेपा टाचणीने जोडल्या आणि पोर्चमध्ये उकिडवी बसून नवी चेसिस मोजली, या कोपऱ्यापासून समोरच्या तिरक्या कोपऱ्यापर्यंत, मग दुसरीकडून. दोन्ही मापं सारखी. मग कंपाउंडला टेकवून ठेवलेली तुमची चेसिस मोजली. दोन बोटांचा फरक. नाना, मी रोज पोरींना सांगते की नमुन्याचं ब्लाउज आधी टेबलावर पसरून बघा, एका बाजूला उसवून सैल केलेलं असेल तर तोच दोष तुम्ही नव्या कापडात शिवाल. पोरींना शिकवते आणि स्वतः तेच केलं, कारण नमुना तुमचा होता. डावीकडच्या पुढच्या भागावर डांबरासारखा जाड काळा रंग होता, फक्त तेवढ्याच जागी. तो खरवडला. खाली तळहाताएवढी पट्टी, चारी बाजूंनी वेल्डिंग केलेली, सुबक, तुमच्याच हातची. चेसिसला कधी हात लावू नये म्हणणाऱ्या माणसाच्या हातची!

आई तेव्हा माझ्याकडेच होती, मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आलेली. हिरवा चष्मा लावून पोर्चच्या पायरीवर बसली होती. मी पट्टीवर हात आपटून म्हटलं, हे बघ तुझ्या नवऱ्याचे धंदे, आयुष्यभर सगळ्यांना खोटं सांगितलं. ती म्हणाली, "त्यास्ले काय बोलू नको. मन्हा हातमा व्हती गाडी."

मी विचारलं, काय?

"मन्हा हातमा," ती म्हणाली, आणि तो डावा हात पुढे केला, मनगटात जरा वाकडा असलेला. मला लहानपणापासून ठाऊक होतं की आई विहिरीच्या पायरीवरून पडली होती. विहीर नाही, रस्त्याखालच्या नाल्याची मोरी होती. मी चार वर्षांची असताना, बाजार नसलेल्या दिवसांत, भर दुपारी, गावाबाहेरच्या मोकळ्या रस्त्यावर तुम्ही तिला जीप शिकवत होतात. पाच दिवस शिकवलंत. सहाव्या दिवशी मोरीच्या दगडावर तिने गाडी घातली. आणि तुम्ही गावात येऊन सांगितलं की म्हैस आडवी आली, माझा ब्रेक चुकला. "मन्हं नाव येऊ दिधं नही," आई म्हणाली. तिचा आवाज भरून आला होता, तुमच्या कौतुकाने.

तुम्हाला सगळे "म्हशीवाला ड्रायव्हर" म्हणून चिडवायचे ते मला आठवतं. स्टँडवर दुसरे जीपवाले मागून हंबरायचे आणि तुम्ही हसून सोडून द्यायचात. मला वाटायचं, माझे वडील इतके का ऐकून घेतात. आता कळलं, आणि कळल्यावर माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू. तिचं नाव तुम्ही झाकलंत, आयुष्यभर झाकलंत, असा नवरा आपल्या भागात त्या काळी किती जणींना मिळाला असेल.

पण म्हणून मी गप्प बसणार नाही. तुम्ही तिला त्यानंतर कधी स्टिअरिंगला हात लावू दिला नाही, आणि मलाही नाही. एका मोरीवरून! चेसिस वाकली तर तिला ठिगळ लावलंत, खाली टायरचे तुकडे घातलेत, आणि त्याच चेसिसवर तीस वर्षं अख्ख्या साक्रीची माणसं, शेळ्या, कांद्याची पोती वाहिलीत. लोखंडाला सावरायला तुमच्याकडे एवढा धीर होता. तिचं मनगट दोन महिन्यांत बरं झालं होतं, नाना, पाट्यावर वाटण वाटायला लागली होती ती. माझं तर काहीच मोडलेलं नव्हतं. मला खाली उतरवताना तुम्ही घाबरला होतात हे आता मी समजू शकते, पण तुम्ही घाबरलो म्हणाला नाहीत, शिलाई मशीन म्हणालात. ते मी माफ करत नाही. वाकड्या चेसिसवर चालवलेल्या गाडीचं मी पाप मानत नाही, या वाक्याचं मानते.

डावीकडचे जादा तुकडे मी काढून टाकले. बॉडी अशी सपाट बसली की दार एका बोटाने लागलं. वेल्डरला बोलावून चहा दिला, त्याच्या आवडीची भरिताची पार्टीसुद्धा दिली.

काल कॉलनीमागच्या मोकळ्या प्लॉटांवर ती उतरवली. तिथे आखणी झाली आहे, अजून एक घर बांधलेलं नाही. आईला रिक्षाने नेलं. मी चार फेऱ्या मारल्या. पहिल्या फेरीत गाडी दोनदा बंद पडली, चौथीत मी दुसरा गिअर आवाज न करता टाकला, आणि मोठ्याने तुमचं नाव घेऊन तुम्हाला दोन शब्द सुनावले. भावाला व्हिडिओ पाठवला. मग आईला घ्यायला गाडी थांबवली आणि डावीकडचं दार उघडलं. ती डावीकडे आली नाही. बोनेटला हात लावत, पुढून वळसा घालून माझ्या बाजूला आली आणि म्हणाली, "सरक."

शहात्तर वर्षांची, चष्मा नुकता निघालेला, समोर सगळं मोकळं मैदान, आडवं यायला म्हैससुद्धा नाही. आणि माझा हात स्टिअरिंगवरून निघेना. मी म्हटलं, "नको माय, तुना हात दुखी." तिने एक क्षण माझ्याकडे पाहिलं, मान हलवली आणि मुकाट्याने डावीकडे जाऊन बसली. मी तिला एक फेरी मारून आणली. उतरताना पदर सावरत एवढंच म्हणाली की छान चालवतेस.

हात दुखेल हे कारण नव्हतं. मी घाबरले होते, आणि ते मीसुद्धा तिला सांगितलं नाही.